कापसाचा बोळा

"चिरफाड नको ना तुम्हाला? मग नकोच," कंपनीचे सेफ्टी ऑफिसर श्रीधर साहेब म्हणाले. "बाहेर गाडीत मशीन आणलंय. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्याला. अंगावरून नुसता कापसाचा बोळा फिरवायचा. केमिकल लागलं असेल, तर मिनिटात नाव सांगतं. सापडलं, की भरपाई आमची."

इरशादच्या जिवात जीव आला. त्याचा धाकटा भाऊ जुल्फिकार सकाळी कामावरून आला तो खोकतच. पाठीवर पाइप फुटला म्हणाला आणि दुपारच्या आत संपला. कंपनी म्हणत होती, हार्ट अटॅक. पोस्टमॉर्टेमचं नुसतं नाव काढलं, तरी जुल्फिकारची बायको रजिया मय्यतीला मिठी मारून बसत होती.

"आधी तुमचं गुसल आटपून घ्या," साहेबांनी डोक्याला रुमाल बांधला. "आम्हाला घाई नाही."

केवढा हा समजूतदारपणा! एरवी गेटवर ओळख न दाखवणारा माणूस, आज चपला काढून पडवीत बसला होता. इरशादला भरून आलं.

त्याने भावाला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली. लालभडक पाठीवरून कपडा हळूहळू फिरवला. केसांत, नखांत काही म्हणून राहू दिलं नाही. शेवटचं पाणी कापराचं. सगळं मोरीतून गटारात गेलं.

मग साहेबांच्या माणसाने बोळा फिरवला आणि गाडीत नेला. मिनिटही लागलं नाही.

"कापूर," साहेब गाडीतून उतरत म्हणाले. "थोडा साबण. बाकी काही नाही. तसंच लिहून देतो, इरशादभाई."

इरशादने वळून ओल्या मोरीकडे पाहिलं. आपणच धुतलं. चोळून चोळून, आपणच.

"साहेब, तुमीच बोललात ना, आधी गुसल करा म्हणून?"

"तुमच्या धर्मात मी कसा आडवा येणार?"

इरशादचे हात मघापासून चुरचुरत होते. त्याने ते पुढे केले. तळव्यांपासून मनगटापर्यंत फोड टरारून आले होते.

"मग ह्ये काय हाय? फिरवा बोळा माझ्या हातांवरनं!"

साहेबांनी गाडीचं दार लावून घेतलं. मग वाकून, चष्मा सारखा करून ते फोड नीट पाहिले.

"अरेरे! इतकं कढत पाणी घातलंत भावाला?"