विमानाचं वजन

विमान बांधापर्यंत धावत आलं, जमीन हुंगल्यासारखं नाक हलवलं आणि धानाच्या खुंटांत गचकन थांबलं.

"मन्सूरभाऊ, मागं नांगर लावा! उन्हाळवाही तरी होऊन जाईल!" बांधावरून लच्छू ओरडला. लच्छूची चहाची टपरी होती. पण विमान धावायचं त्या वेळेला एटापल्लीत चहा मिळत नसे.

मन्सूरभाऊ खाली उतरले. गावातले जुने गाडी-मिस्त्री. एकदा जंगलात बंद पडलेली जीप त्यांनी सायकलच्या चेनवर घरी आणली होती. असं ते स्वतःच सांगतात, तेव्हा खरंच असणार. विमानही तसंच जमवलेलं. इंजिन भंगारातल्या मारुतीचं, अंग पाइपांचं, त्यावर ताणलेलं कापड आणि तोंडाशी आलापल्लीच्या सागाचा पंखा. पुढे एक सीट, मागे एक.

"वजनच हाये, भाऊ," धम्मदीप म्हणाला. तो आयटीआयत शिकवायचा. शेतही त्याचंच. "मागच्या हप्त्यात चाकं सुटत होती. आता सुटून नाई राह्यली. काऊन, तेच समजत नाई मले."

मन्सूरभाऊंच्या बायको सुलतानाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. विमान थांबलेलं पाहून त्यांनी श्वास सोडला आणि ओढणीच्या टोकानं मागची सीट पुसायला घेतली. त्या सीटची गादी त्यांनीच शिवलेली, त्यामुळे तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

"भाभी, विमानाचा इतका राग, मग सीट कायले पुसता?" लच्छूनं विचारलं.

"राग विमानाचा हाये. धुळीशी माहं काय भांडण?"

ओढणीचं टोक लाल झालं. एटापल्लीत सगळंच लाल होतं. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक दिवसभर गावातून जातात.

रागाला कारण होतं. मुलगी उमेरा भामरागडला नर्स. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरगी हट्टी. म्हणाली, पावसात इथल्या बायांना कोण बघेल? मी ड्यूटी सोडत नाही. दिवस भरणार ते ऐन पावसाळ्यात. नाले चढले की भामरागड बेट होऊन बसतं. आधीच जाऊन राहावं तर सुलतानाबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. पोरीपाशी आई नसणार, या एका विचारानं त्यांचा घास उतरत नव्हता.

तेव्हाच मन्सूरभाऊंनी विमान बांधायला काढलं. "आपण उडत जाऊ."

"मी नाई बसत त्या खटाऱ्यात. अन् तुमालेही बसू देणार नाई."

"बरं, तू नको बसू. मी एकटा जातो." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

वजनासाठी धम्मदीपनं धानाचा काटा शेतात आणून ठेवला होता. विमानाचा तुकडा न् तुकडा त्यावर चढला. पहिल्या दिवशी तर गमतीत सुलतानाबाईंनाही उभं केलं. सगळे हसले तशा त्या लाजून, आकडा न बघताच उतरल्या.

मग काढाकाढी सुरू झाली. रानडुकरांसाठी बसवलेला हॉर्न गेला. रंग खरवडला. मन्सूरभाऊंनी मिशा उतरवल्या, भात सोडला. आणि झाडीपट्टीतल्या माणसानं भात सोडणं म्हणजे संन्यासच की! तरी जितकं काढावं, तितकंच कुठून तरी परत भरल्यासारखं विमान जडच राही.

"मागची सीट काढून टाकू, भाऊ," धम्मदीप म्हणाला.

सुलतानाबाईंचा पुसता हात थांबला.

"राहू दे," मन्सूरभाऊ म्हणाले. "उमेराचं सामान कुठी ठेवू मग? आपण पंख्याकडं पाहू."

पंखा उतरवला. रंधा मारला, पीळ थोडा बदलला, पुन्हा चढवला. विमान धावलं. पुन्हा उतरवला, पुन्हा रंधा. सागाचा भुसा मन्सूरभाऊंच्या भुवयांत साचला. तिकडे डोंगरामागून ढग वर येऊ लागले.

एका सकाळी इंजिनाचा आवाज बदलला. विमान बांधाकडे धावलं. लच्छू शेरा मारायला तोंड उघडून उभा होता. ते उघडंच राहिलं. चाकं सुटली. बांध खाली गेला, सागाची झाडं खाली गेली.

सुलतानाबाईंच्या हातून डबा पडला. "उतरा! अहो, उतरा! त्याच्यात..." पुढचं पंख्याच्या आवाजात बुडालं. त्या अनवाणी खुंटांतून धावत सुटल्या. विमान कललं, जंगलावरून एक चक्कर मारून आलं आणि दोन उड्या घेत शेतात टेकलं.

"चहा फुकट!" लच्छू ओरडला. त्याच्या जन्मात तो पहिल्यांदाच असं ओरडला असेल.

सुलतानाबाई पंख धरून रडत होत्या. "उमेराचे अब्बा, तुमाले काही झालं असतं तर? अल्ला मले माफ नसता करत." त्यांनी गादीची शिवण उसवली. आत ट्रकांतून सांडलेले, लोखंडासारखे जड लाल दगड खच्चून भरले होते. "रोज एक टाकत होते मी. तुमी उडू नये म्हणून."

धम्मदीप मटकन खाली बसला.

"मले माहीत होतं," मन्सूरभाऊ म्हणाले. "पहिला दगड पडला त्याच दिवशी समजलं."

"मग काढले काऊन नाई?"

"आता काढतो. तुले बसाले जागा नको? त्या दिवशी काट्यावरचा आकडा तू नाई पाह्यला, मी पाह्यला होता. तुह्या वजनाले दोन-तीन दगड कमी पडत होते. ते काल मीच टाकले."