सांध्याला लावलेलं तूप

लुंबिनीनं माशांच्या काचेच्या टाकीतल्या पाण्यावरून बोट फिरवलं आणि अंगठ्यावर घासून बघितलं. बोट चिकट झालं होतं.

"काका, समुद्राला फोडणी दिली का काय?" ती रामकिशनना म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग तिला टाकीशेजारी ताटलीखाली झाकलेली स्टीलची वाटी दिसली. तीन वर्षांपूर्वी तिनंच आपल्या दुकानातून समुद्रातल्या केशरी माशांची ही जोडी हरिओमला दिली होती. आता एक त्या वाटीत होता आणि टाकीत एकच. तोही पार वर येऊन तोंडाची उघडमीट करत होता.

हरिओमला जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या हातानं वाढवलेलं, जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं. त्यासाठीच त्याचे वडील रामकिशन निलंग्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान बंद करून नांदेडला सून वर्षाराणीकडं येऊन राहिले होते. सकाळ-संध्याकाळ माशांना खाऊ घालायचे. घालताना काहीतरी गुणगुणायचे.

लुंबिनीनं येताना मिठाचं ताजं पाणी बादलीत आणलं होतं. तिनं मासा अलगद त्यात सोडला, हवेची नळी लावली आणि पंपाचा सांधा उघडला. आतली रबरी रिंग फुगून खाचेच्या बाहेर आली होती. तिथूनच रात्रभर पाणी गळत होतं. लुंबिनीनं रिंगेचा वास घेतला आणि हिला काय लावलं होतं, ते विचारलं.

रामकिशननी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चार दिवसांपूर्वी सांधा ठिबकायला लागला. चाळीस वर्षं मोटरी उघडणाऱ्या माणसाला ते काम हातचा मळ होतं. पण पेटीतलं पिवळं ग्रीस त्यांनी बाहेरसुद्धा काढलं नाही. हरिओमनं एकदा बजावलं होतं, असलं ग्रीस म्हणजे या माशांना विष. आणि टाकीला हात लावायच्या आधी बापाला दोनदा साबणानं हात धुवायला लावले होते. म्हणून मग त्यांनी घरातलं सगळ्यात शुद्ध काय आहे, ते शोधलं. घरच्या गाईचं तूप, देवापुढच्या निरांजनातलं. आंघोळ करून, तिन्ही सांध्यांना, हात आखडता न घेता लावलं.

"देवाला चालतं ते हाय, बाई," ते म्हणाले. "भेसळ न्हाई त्यात."

गावच्या सप्ताहात जन्मभर टाळ धरून उभा राहिलेला माणूस. बुवा कीर्तनात सांगायचे, भाव शुद्ध असला की देव गोड मानून घेतो. ते त्यांनी मनापासून धरून ठेवलं होतं.

लुंबिनीला आपलं मघाचं बोलणं आठवलं आणि तिची मान खाली गेली. तिनं हळू आवाजात समजावलं. तुपानं रबर फुगतं. पंप गरम होतो, तसं तूप वितळून पाण्यावर पसरतं. त्या तवंगाखाली हवा जात नाही.

"म्हणजे गुदमरले," रामकिशन म्हणाले.

तिनं फुगलेली रिंग बाजूला ठेवली. पिशवीतून नवी रिंग काढताना सहज बोलावं तसं म्हणाली, "याला सिलिकॉनचं ग्रीस लागतं काका. रबराला काही करत नाही, पाण्यात उतरत नाही. हरिओमदादाकडं होती की त्याची ट्यूब. मीच दिली होती."

दारात उभी असलेली वर्षाराणी आत गेली. हरिओमच्या टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. खण जड होता, की ती थांबून थांबून ओढत होती, कुणास ठाऊक. ती परत आली तेव्हा तिच्या हातात अर्धी दाबलेली ट्यूब होती.

"मामा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, त्याचं काही ग्रीस हाय का म्हणून." तिनं ट्यूब सासऱ्याच्या तळहातावर ठेवली. "मी सैपाकघरातूनच न्हाई म्हणले. खणात हाय, हे ठाव होतं मला."

रामकिशननी ट्यूबवरचा दाबलेला खळगा अंगठ्यानं चाचपला.

"खण उघडवला नसंल तुला," ते म्हणाले. "माझ्यानं बी उघडवला नसता."

त्यांनी झाकण काढलं. लुंबिनी सांगत गेली, तसं मुगाएवढं ग्रीस बोटावर घेतलं, रिंगेवर फिरवलं. जास्त नको, नुसती चकाकी आली तरी पुरे, ती म्हणाली. दुकानात पान्यानं आवळणारे रामकिशन हा सांधा हातानंच आवळत होते, लहान लेकराच्या कुडत्याची गुंडी लावावी तसे. त्यांची पाठ बादलीकडं होती.

लुंबिनी बादलीशी वाकली. मासा आडवा झाला होता. पाण्यात हात घालून थोडा वेळ तशीच बसली. मग तिनं हवेची नळी बाहेर काढली आणि बटण बंद केलं. एवढा वेळ चाललेली बुडबुड थांबली. तिनं वर बघितलं. वर्षाराणीनं तोंडाला ओढणी लावली होती.

"कर पंप चालू," रामकिशन म्हणाले.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग वर्षाराणीनं पुढं होऊन पंपाचं बटण दाबलं.

पाणी नळीतून चढलं आणि टाकीत पडायला लागलं. रामकिशन खाली बसले. सांध्याच्या खाली बोट धरून त्यांनी वाट बघितली. बराच वेळ.

"एक थेंब न्हाई बघ," ते म्हणाले. मागं वळून न बघता त्यांनी बोट तसंच धरून ठेवलं.