मानसिंगरावांचा सल्ला

चौथा मासाही सकाळी पोट वर करून तरंगताना सापडला, तेव्हा नेमिनाथनं टाकीवरचा दिवा मालवला आणि दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला.

सांगलीच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवत होता. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आलेला. समुद्रातले जीव नुसत्या चित्रांवरून शिकवणं त्याला पटेना, म्हणून प्राचार्यांच्या मागे लागून त्यानं चार फुटी काचेची टाकी करवून घेतली होती. रत्नागिरीच्या एस.टी.चा ड्रायव्हर कोंडीबा पत्र्याच्या डब्यातून समुद्राचं पाणी, मासे आणि प्रवाळाचे दगड आणून द्यायचा. पण आठवड्याच्या वर काही जगत नव्हतं. घरी आई, राजमती, मेलेल्या प्रत्येक माशामागे एक उपवास धरत होती. रागावत नव्हती, नुसती जेवत नव्हती. प्राचार्यांनीही पुढच्या जानेवारीच्या प्रदर्शनापर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर टाकी मोडीत.

"साताऱ्याला जाऊन बघा की," कोंडीबा म्हणाला. "हवालदार मानसिंगच्या नावानं दर म्हैन्याला पानी जातंय. तिथलं मासं वरीस झालं तरी जित्तं हायेत म्हनं."

साताऱ्यात घर लगेच सापडलं. दार हवालदारांच्या पत्नीनं, चंद्राबाईंनी उघडलं. चाळिशीच्या, पदर खोचलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. त्यांच्या मागे सोप्यातच टाकी होती. नेमिनाथ चपला काढायचं विसरला. पट्ट्यापट्ट्यांचे मासे दगडांतून ये-जा करत होते, आणि एका दगडावर समुद्रफूल आपले मऊ तंतू पसरून डुलत होतं.

"हवालदारसाहेबांना भेटायचं होतं. माझे मासे मरतात."

"पानी कशातनं आनता?"

"ते साहेबांनाच सांगेन म्हणतो," तो नम्रपणे म्हणाला.

चंद्राबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "त्यास्नी भायेर यायला जमायचं न्हाई. काय ते मला सांगा. मी इचारून येते."

अंथरुणाला खिळलेला माणूस असणार, हे नेमिनाथनं ओळखलं आणि फार खोदून विचारलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. बाई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"ते म्हनत्यात, पत्र्याचा डबा बंद करा. पत्रा खाऱ्या पान्यात उतरतोय. काचेच्या बरनीतनं आना. आन् चाळीस दिस टाकीत मासा सोडू नका. नुसतं पानी खेळू द्या."

नेमिनाथनं वहीत शब्द न् शब्द उतरवून घेतला.

चाळीस दिवस रिकामी टाकी बघून शिपाईसुद्धा हसत होते. नेमिनाथ हसला नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी एकच मासा सोडला. तो जगला. दुसराही जगला. मग पाणी उन्हाळ्यात उडून कमी झालं, म्हणून त्यानं वरून समुद्राचं पाणी घातलं, आणि मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागले. त्यानं टाकीतलं पाणी बाटलीत भरून सातारा गाठला.

चंद्राबाईंनी बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग बाटली घेऊन आत गेल्या.

"ते म्हनत्यात, पानी उडतंय, मीठ उडत न्हाई. कमी झालं की गोडं पानी घाला. लय न्हाई, तांब्या-तांब्यानं."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची त्याला लाज वाटली. तरी त्यानं मनात हवालदारांना हात जोडले.

असं दहा महिने चाललं. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. त्यावर सायकलच्या पंपानं हवा मारायचा उपाय आतूनच आला. समुद्रफूल कधी आणायचं, कुठं ठेवायचं, तेही आतून आलं. एकदा त्यानं आजाऱ्यासाठी मोसंबी नेली. बाईंनी ती निमूट आत नेऊन ठेवली. निरोप नेता-आणता बिचाऱ्या बाईंनाही यातलं बरंच समजू लागलंय, असं त्याला वाटायचं. कधीकधी तर त्या गेल्या-गेल्याच परत यायच्या.

जानेवारीत प्रदर्शन झालं. माधवनगरच्या गिरणीतले कामगार बायकापोरांसह रांगेत उभे राहिले. राजमती आली, टाकीसमोर पाचेक मिनिटं थांबली आणि घरी जाऊन पोटभर जेवली. प्राचार्यांनी नेमिनाथची पाठ थोपटली. तो म्हणाला, "सर, हे माझं काम नाही. खरे गुरू साताऱ्यात पडून आहेत."

प्राचार्यांनी लगेच शाल आणवली.

दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन नेमिनाथ साताऱ्याला गेला. आज दारातून परतायचं नाही, खोलीत जाऊन त्या माणसाचे पाय धरायचे, असं ठरवूनच. पण अंगणात एक उंच, काटक, मिशाळ माणूस बनियनवर उभा राहून चुळा भरत होता.

"हवालदार मानसिंगराव?"

"व्हय."

नेमिनाथनं वाकून पाय शिवले. "तुम्ही उठून उभे राहिलात, यातच सगळं आलं. आता प्रकृती कशी आहे?"

"परकृतीला काय धाड भरलीया?" हवालदारांनी तोंड पुसलं. "सकाळच्या गाडीनं उतरलोय. दोन वर्सं लडाखात काढली, आत्ता कुठं रजा गावली. तुमी कोन म्हनायचं?"

नेमिनाथनं नुसतं आपलं नाव सांगितलं. त्याच्या हातातली शाल बघून हवालदार जरा जवळ आले आणि घराकडे नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "पावनं, तुमी शिकल्यालं दिसताय म्हून इचारतो. सोप्यात हिनं ह्यो काचंचा हौद कशापायी मांडलाय?"