सरळ उत्तर

“आजवर एखादं ऑपरेशन?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक. नसबंदीचं. मुलगी दोन वर्षांची असताना,” नवरा म्हणाला.

व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी चालू होती, आणि ती त्याचा पासपोर्ट हातात धरून दारात उभी होती. खरं तर तिने तिथे यायचंच नव्हतं. आत जाताना नवऱ्याने बजावलं होतं, “तू चिऊपाशी थांब, ती इंजेक्शनला घाबरते.” पण पासपोर्ट राहिला तिच्या पर्समध्ये, आणि नर्सने तो द्यायला तिलाच आत पिटाळलं. डॉक्टरांनी मान वर न करता हात पुढे केला. तिने पासपोर्ट दिला. नवऱ्याने तिला पाहिलं आणि शर्टाची बटणं लावायला घेतली. वरचं बटण भलत्याच काजात गेलं.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर दात कसे घासावेत याचा तक्ता होता. तो तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.

ती तिकडे, परदेशात, एका बेकरीत पहाटेची पाळी करायची. तिकडचं नागरिकत्व तिला केव्हाच मिळालं होतं. आता तिची माणसं, म्हणजे तो आणि त्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी चिऊ, दोघं तिच्या नावावर कायमची तिकडे जाणार होती. पहिली बायको आजारपणात गेली होती. लग्न ठरण्याआधी चहा पिताना तिने एकच अट घातली होती. “चिऊला मी पोटच्या पोरीसारखी वाढवीन. पण मला माझंही एक मूल हवंय.” तो लगेच म्हणाला होता, “मलाही.” त्या एका ‘मलाही’वर तिने लग्न केलं.

सुट्टी मिळाली की ती विमान पकडून यायची. दिवस काही राहत नव्हते. इकडच्या डॉक्टर झाल्या, तिकडच्या झाल्या. रक्त दिलं, नळ्या तपासून घेतल्या, गोळ्या घेतल्या, आणि गोळ्यांनी मळमळत असताना पहाटे पिठाच्या गोण्या ओढल्या. सगळे रिपोर्ट चांगले यायचे. एकदा नवऱ्यालाही घेऊन या, असं डॉक्टर म्हणायच्या. तिने भीतभीत त्याला विचारलं, तर तो दुखावला. “माझ्यात दोष असता तर ही चिऊ काय आभाळातून पडली?” मुद्दा बिनतोड होता. उलट तिनेच माफी मागितली. नणंदेने तर भर पंगतीत टोमणा मारला होता, “वहिनी बेकरीवाली, आणि घरचंच पीठ फुगेना.” सगळे हसले होते. तोही हसला होता.

ते हसणं तिला आत्ता, त्या बाकावर, नव्याने ऐकू आलं. त्याला ठाऊक होतं आणि तो हसला होता. तिकडच्या घरातल्या तिसऱ्या खोलीचा रंगही त्यानेच फोनवर सुचवला होता. “फिकट पिवळा लाव. मुलगा असो, मुलगी असो, चालून जातो.” केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. कापताना कळतसुद्धा नाही.

आणि हा माणूस सरळ म्हणून तिला केवढं कौतुक होतं. तो इमारतींचे नकाशे काढायचा. हात नेटका, कागद नेटके. अर्जाची सगळी तयारी त्यानेच केली होती. आज सकाळी चिऊला तो बजावत होता, “डॉक्टर विचारतील त्याला सरळ उत्तर. लहानपणी हात मोडलेला, तेही सांगायचं. काही लपवायचं नाही.” ते ऐकताना आपलं नशीब बरं, असं ती मनाशी म्हणाली होती.

तो बाहेर आला आणि शेजारी बसला. बटण अजून चुकीच्याच काजात होतं.

“सांगणारच होतो तुला,” तो म्हणाला. “तिकडे पोचलो की, निवांत.”

“डॉक्टरांना मात्र त्यांनी विचारल्याबरोबर सांगितलंत.”

“त्यांना सांगावंच लागतं गं. खोटं सापडलं तर अर्ज कायमचा बाद. सगळ्या मेहनतीवर पाणी.” मठ्ठ मुलाला गणित समजवावं तसा तो समजावत होता. “आणि आपल्याला काय कमी आहे? चिऊ आहेच की.”

तेवढ्यात चिऊ दंडावर कापूस धरून आली. “आई, मी रडले नाही,” म्हणत ती तिला बिलगून बसली. आई म्हणायला ती याच सुट्टीत लागली होती. या पोरीचा काय दोष, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला संताप आला. हे ओझंसुद्धा त्याने तिच्याच गळ्यात घातलं होतं.

तो मात्र मोकळा झाल्यासारखा फाइल चाळत होता.

“उद्याची मुलाखत तेवढी नीट होऊ दे. तुला मुख्य काय विचारतील, लक्षात आहे ना?”

“आहे. हा संसार खरा आहे का, असं विचारतील.”

“हं. मग काय सांगशील?”

तिने चिऊच्या दंडावरचा कापूस हलकेच दाबून धरला.

“सकाळी तुम्ही हिला शिकवलंत तेच. विचारतील त्याला सरळ उत्तर.”