मुखपृष्ठावरचा वाघ

“हा वाघ आहे की सासुरवाडीला जेवायला आलेला जावई?”

देबोत्तम हाजराने पुस्तक डोक्यावर उंच धरलं. कोलकात्याच्या पुस्तकमेळ्यात चहाच्या टपरीभोवती जमलेलं टोळकं खो खो हसत सुटलं.

वाघाला लांब पापण्या होत्या. ओठ लाल होते. फोटोवाल्याने ‘हसा’ म्हटल्यासारखा तो हसत होता. पंजात मधाची बरणी, मागे एक बाई, आणि बाईच्या डोक्यातून उगवलेला सूर्य. वर पाच रंगांत नाव होतं, ‘मधाला गेलेली माणसं’. अक्षरांतून मध गळत होता.

“मध कसला? सर्दी झालीय अक्षरांना,” त्याचा मित्र शिबेन म्हणाला.

“हे वाक्य आता माझं,” असं म्हणत देबोत्तम तिथेच फोनवर लिहायला लागला.

दर रविवारी तो एखाद्या मुखपृष्ठाची अशी सालटी काढायचा. हजारो लोक वाचायचे. पुस्तक उघडून पाहायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. ‘मग कसं हवं होतं, ते तरी सांगा,’ असं कुणी विचारलंच, तर तो म्हणे, “करपलेल्या भाताला नावं ठेवायला मी आचारी कशाला व्हायला हवं?”

वाघाची थट्टा चांगलीच गाजली. लोकांनी त्या वाघाला टोपी घातली, मुंडावळ्या बांधल्या.

मग एका सकाळी फोन आला.

“देबोत्तमदा का? मी मिनती गायेन. ते वाघाचं पुस्तक माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय.”

देबोत्तम सावरून बसला. “हे बघा, मी पुस्तकाला काही म्हणालो नाही, फक्त...”

“भांडायला नाही केला फोन. बाबांना दिसत नाही हो. मुखपृष्ठ छान झालंय, असं आम्ही घरात सगळे सांगतो. पण लोक हसतायत, हे त्यांच्या कानावर गेलंय. आता आमच्यावर विश्वास नाही. म्हणतात, मुखपृष्ठांवर लिहिणारा तो माणूस आहे ना, त्याला बोलवा. तो सांगेल ते खरं.”

“मी काय सांगणार त्यांना?”

“ते तुम्हीच ठरवा, दादा.”

नाही म्हणायला जीभ उचलेना. येतो म्हणून बसला.

मिनतीच्या गावाला जाताना, कॅनिंगच्या गाडीत त्याने पुस्तक पहिल्यांदा उघडलं, तेही बोलण्यापुरतं काहीतरी ठाऊक असावं म्हणून. जतीश्वर गायेन जंगलाच्या कडेला शाळामास्तर होते. मध काढायला जंगलात शिरणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांनी ऐकलेलं सगळं त्यात होतं. पुरुष जंगलात असेपर्यंत त्या गावातल्या बायका केसांना तेल लावत नाहीत, फणी फिरवत नाहीत. एकीचा नवरा परतलाच नाही. तो गेला असं तिला सांगायला कुणी पुढे झालं नाही, आणि तिने फणीला हात लावला नाही.

कॅनिंग आलं तरी देबोत्तम जागचा हलला नव्हता. शेजारच्याने हाक मारली तेव्हा उठला.

खाडी ओलांडून तो घरी पोचला. जतीश्वरबाबू ओसरीवर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. मिनतीने ताटलीत नव्या गुळाची संदेश मिठाई आणून ठेवली. म्हाताऱ्याने ताटली बरोबर देबोत्तमच्या हातापाशी सरकवली. किती वर्षांची सवय असेल, असं देबोत्तमच्या मनात आलं आणि त्याला आणखीच अपराधी वाटलं.

“खा, मग बोला,” जतीश्वरबाबू म्हणाले. “घरचे म्हणतात झकास आहे. तुम्ही परके, तुम्हाला भीड नाही. काय आहे माझ्या पुस्तकावर?”

देबोत्तमने पुस्तक हातात घेतलं. वाघ त्याच्याकडे बघून हसत होता. त्याने पुस्तक पालथं घातलं.

“मातीची भिंत आहे,” तो म्हणाला. “सारवलेली. सगळं मुखपृष्ठ म्हणजे ती भिंतच.”

“रंग?”

“ओल्या मातीचा. आणि भिंतीत खुपसलेली लाकडी फणी. एवढीशी. तिच्यात एक लांब केस अडकलाय.”

म्हातारा पुढे झुकला. “कुठे आहे फणी? मधोमध?”

“नाही, उजवीकडे, जरा खाली. हात लांबवला तर पोचेल इतकी. बाकी सगळं रिकामं.”

“नाव?”

“डावीकडे वर. पांढरं, बारीक अक्षर.”

“आणि वाघ?”

“वाघ नाही.”

“जंगलाच्या पुस्तकावर वाघ नाही?”

“कुठेच नाही.” देबोत्तमने पालथ्या पुस्तकावर हात ठेवला. “म्हणून तर भिंतीकडे बघवत नाही.”

मिनती दाराशी उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला. आयुष्यात पहिल्यांदा आपण एखाद्या मुखपृष्ठाबद्दल चांगलं बोललो, आणि तेही धादांत खोटं, असं देबोत्तमला वाटलं. तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं. तो निघायला उठला.

“बसा हो, बसा,” जतीश्वरबाबू म्हणाले. “बौमा, कागद आण.”

सुनेने त्यांच्या मांडीवर कोरा कागद आणि पेन्सिल आणून ठेवली. म्हाताऱ्याने काळा चष्मा काढून बाजूला ठेवला, थेट देबोत्तमच्या डोळ्यांत पाहिलं आणि पेन्सिलीचं टोक निरखत म्हणाला, “दुसरी आवृत्ती काढतोय. वाघ मला जमत नाही, हे तुम्ही जगाला सांगितलंच आहे. फणी जमेल. तिचे दात वर करू की खाली?”