सरळ भांग

पोस्टमास्तरांना लहानपणापासून आरशाची भीती. समोर आला की छातीत धडधड, तळहातांना घाम. लग्न झालं त्याच आठवड्यात बायकोनं कपाटाचा आरसा काढून माळ्यावर टाकला आणि हसत म्हणाली, "आता मीच तुमचा आरसा!" तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांना खिडकीपाशी बसवायची, भांग पाडायची, मिशी कातरायची, कॉलर नीट करायची. मग घड्याळाकडे बघत, त्यांच्यासमोरच हाताच्या अंदाजानं स्वतःचं कसंबसं उरकून शाळेत शिकवायला पळायची. आपल्यापायी तिची किती धांदल होते, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. म्हणून अखेर त्यांनी डॉक्टर गाठले.

आधी चकचकीत चमचा, मग तळहाताएवढा आरसा, असं करत करत भीती आटोक्यात आली. आज त्यांनी माळ्यावरचा आरसा स्वतः उतरवला, पुसला, भिंतीवर टांगला आणि जीव मुठीत धरून त्यात पाहिलं. भांग अगदी पट्टीनं आखल्यासारखा! त्यांना भरून आलं.

"अगं, ये ना, बघ तरी!"

शाळेला निघालेली बायको लगबगीनं शेजारी येऊन उभी राहिली. तिचा भांग वाकडा, कानापाशी पावडरचा पांढरा फराटा. ती ओशाळून हसली.

"अगंबाई! पहिल्या तासाला पोरं तोंड दाबून हसायची ती यालाच होय?"

मग बोटानं फराटा पुसता पुसता तिनं अगदी सहज विचारलं,



"पण काय हो, तुम्ही तर रोज माझ्यासमोरच बसलेले असायचात ना?"