अस्वलाचा घास

पार्कात नाचणारा ससा भेटो की हत्ती, नातीचं सकाळपासून एकच पालुपद होतं, "ह्यॅ, आत माणूस असतो!" संध्याकाळी रिसॉर्टच्या बुफेत सगळे ताटं भरून बसले, तेवढ्यात भलंमोठं अस्वल डुलत टेबलाशी आलं. बोलायची त्याला बंदी, म्हणून नुसतेच पंजे हलवत होतं. आईबाबा फोटोसाठी सरसावले. नातीने नाक मुरडलं. "आजी, आत माणूस असतो गं." "अगं बाई! मग जेवला का तो?" आजी कळवळली. अस्वलाचे पंजे हवेतच थांबले. मान हळूच नकारार्थी हलली. आजीने केकचा तुकडा मोडून पुढे केला. अस्वलाने इकडेतिकडे पाहिलं, वाकून जबडा किंचित उचलला. आतल्या अंधारात घामाने थबथबलेली हनुवटी दिसली आणि घास गडप झाला. "आजी, अजून एक," आतून कुजबुज आली. नात श्वास रोखून पुटपुटली, "आई, आत खरंच माणूस आहे!"